सह्यांचा कागद

दुसऱ्या मजल्यावरचा मनोविकारांचा दवाखाना डॉक्टरबाईंच्या स्वतःच्या मालकीचा होता. फी ठरवणं त्यांच्याच हातात होतं आणि ती त्यांनी धुणीभांडी करणारीलाही परवडेल एवढीच ठेवली होती. इमारतीला नेमकं तेच खुपत होतं. एक दिवस सोसायटीचे अध्यक्ष चार शेजाऱ्यांना घेऊन आले आणि सह्यांचा कागद त्यांनी टेबलावर आपटला.

"फी तिप्पट करा, बाई. म्हणजे जिन्यात हा असला गाळ साचणार नाही. आमची बायकापोरं राहतात इथे."

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. बाहेरच्या बाकावर बसलेल्या कामवालीने पाय बाकाखाली ओढून घेतले. बाईंनी कागद ठेवून घेतला.

शेजारी खाली उतरले. चष्मा विसरल्याचं निमित्त काढून अध्यक्ष एकटेच परत आले, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "गुरुवारी येतोच मी नेहमीसारखा. माझी फी मात्र आहे तीच राहू दे हं."

बाईंनी कपाटातून त्यांची फाईल काढली आणि सह्यांचा कागद लक्षणांच्या पानाला टाचून टाकला.

"या. गुरुवारी यावरच बोलू."