अकरावं पान

तिसऱ्यांदा सगळं गायब झालं तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि संगणकाकडे असं पाहिलं, की वर्गात असतं तर पोरगं आपणहून बाकावर उभं राहिलं असतं.

व्हिडिओ एडिटिंगचं हे नवं सॉफ्टवेअर मुलीने रविवारी घालून दिलं होतं. त्यातली मदत उघडली, तर तिथे लिहिलेलं: ‘इच्छित घटकाचे चयन करून तदनंतर प्रक्रिया कार्यान्वित करावी.’ मास्तरांची हयात चित्रकला शिकवण्यात गेली होती, पण मराठी काही कच्चं नव्हतं. तरी यातलं अक्षर कळेना. नेटवरचे शिकवणारे तर पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे बोलायचे. मास्तरांना पहिलं बटण सापडेपर्यंत त्यांचा धडा आटोपलेला असायचा.

आणि वेळ नव्हता. शनिवारी बायको निवृत्त होणार होती. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे, आणि घरी आली की दुसरी पाळी. मधे मास्तरांचं मोठं दुखणं निघालं, तेव्हा तर दवाखाना आणि घर तिने एकटीने ओढलं. मास्तर मनाने वाईट नव्हते, पण कौतुक करायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. तिचे आभार मानायचे राहून गेले, ते राहूनच गेले. जुन्या घरगुती व्हिडिओंची एक छोटी फिल्म करून ते शनिवारी मानायचे, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं.

सोमवारी शोधता शोधता त्यांना एक मार्गदर्शिका सापडली. कुणा एडिटर बाईने हौसेने लिहिलेली, चौदा पानांची. पहिली ओळ होती: ‘घाबरू नका. तुम्ही काहीही केलंत तरी मूळ व्हिडिओ जागचा हलत नाही.’ मास्तरांच्या जिवात जीव आला. पुढे होतं: ‘आता खाली निळी पट्टी दिसेल. दिसली नाही तर चूक माझ्या लिहिण्याची. मला कळवा.’

आपली चूक असेल असं म्हणणारा शिक्षक मास्तरांनी छत्तीस वर्षांत आरशातही पाहिला नव्हता. त्यांनी चौदाही पानं छापून घेतली.

मंगळवारी ते कापायला शिकले, बुधवारी जोडायला. अडलं की बाईंना मेल लिहायचे, तासाभरात उत्तर यायचं. ‘काका, फोनच करा ना, पटकन होईल,’ असं म्हणून बाईंनी नंबरही दिला. मास्तरांनी मनापासून आभार मानले आणि पुढची शंकाही लिहूनच पाठवली.

“अहो, जेवायला येताय की ताट तिकडे आणू?” बायकोने दारातून विचारलं.

मास्तरांनी घाईघाईने स्क्रीन बंद केली आणि पाच बोटं दाखवली.

“मला नाही बघायचं तुमचं गुपित,” ती म्हणाली. “पण मान आखडली की तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे येऊ नका.”

गुरुवारी मुलगी डोकावली. पडद्यावर ती स्वतः तीन वर्षांची, शेजारी आई, आणि कॅमेऱ्यामागून मास्तर: ‘मागे सर. हात खाली. हस की जरा.’

“बाबा, प्रत्येक व्हिडिओत तुमची ही हवालदारी आहे,” मुलगी म्हणाली. “आई बिचारी समोर उभी आणि तुम्ही मागून हुकूम सोडताय. आधी हे काढा बरं.”

मास्तर हसले आणि त्यांनी अकरावं पान तिच्यापुढे धरलं. वर ठळक लिहिलं होतं, ‘चित्रापासून आवाज वेगळा करणे’.

“म्हणजे गुरुजी आधीच कामाला लागलेत,” मुलगी म्हणाली.

अकराव्या पानाने मात्र घाम काढला. कुठे आवाजाला पंख्याची घरघर चिकटलेली, कुठे रस्त्यावरची गाडी. कापलं की टोकाला खट्ट वाजायचं. बाईंनी उपाय कळवला: ‘काप जिथे घेतलाय तिथे आवाज हळूहळू चढवा आणि उतरवा. पण काका, इतकं बारीक कशाला कापताय? कॅमेरेवाल्याची बडबड नको असेल तर आवाज सरळ बंद करा आणि वर एखादी धून टाका.’

‘धून नको,’ मास्तरांनी लिहिलं. ‘कापायचं ते बारीकच. तुमचं हे पान नसतं तर मी कधीच हात टेकले असते. या वयात इतका चांगला शिक्षक मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमचे उपकार विसरणार नाही.’

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांचे एकोणीस व्हिडिओ पालथे घालून झाले.

शनिवारी बायको फुलांचा गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन सहाला घरी आली. मुलगी आधीच येऊन बसली होती. मास्तरांनी फिल्म लावली.

बायको पडद्यावर चिमुकल्या मुलीमागे धावत होती. कपडे वाळत घालत होती. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपली होती. कशालाच आवाज नव्हता.

“बरं केलंत बाबा, शांत वाटतंय,” मुलगी पुटपुटली.

शेवटी बायको खिडकीशी उभी दिसली, तरुण, अजून ओल्या केसांची. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि चित्र तिथेच थांबलं. मग मास्तरांचा आवाज आला. शब्द जरा अडखळत येत होते, एक जवळचा, एक लांबचा, एक हसऱ्या सुरातला.

“अगं, ऐक ना. सगळं तू केलंस. मी बघत होतो. आता बस जरा. चहा मी करतो.”

मुलीने तोंडावर हात धरला.

“परत लावा,” बायको म्हणाली.

मास्तरांनी परत लावलं. ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं त्याला साडेतीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या घरात तिला ‘अगं’ म्हणून कुणी हाक मारली नव्हती.