पाच दिवस न हललेली टाचणी

"साईट बंद नाही, वहिनी," लवू म्हणाला. "माझ्या मोबाईलवर धडधडीत उघडतेय. बिघाड तुमच्याच घरात आहे."

तो जहाजाचं नाव टाकायला लागला, तशी सानिका म्हणाली, "ते राहू द्या. आधी आमचा कम्प्युटर बघा."

लवूचं दुरुस्तीचं दुकान रत्नागिरीत, एसटी स्टँडजवळ. आरे-वारेच्या रस्त्यावरच्या या घरी तो पहिल्यांदाच आला होता. काल सानिकानं फोनवर सांगितलं होतं, "जमेल तेव्हा या, अजिबात घाई नाही." घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला लवू चार दिवस टांगून ठेवतो. ही भली बाई दिसली म्हणून तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

साईट होती जगभरातली जहाजं नकाशावर दाखवणारी. सानिकाचा नवरा दर्शन मालवाहू जहाजावर इंजिनिअर. रोज संध्याकाळी ती जहाजाचा ठावठिकाणा वाचून दाखवायची आणि तिचे सासरे महिपत भिंतीवरच्या मोठ्या नकाशात टाचणी पुढे सरकवायचे. त्यांनी स्वतः पंचवीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेली. टाचणीचं काम ते अजून नोकरीवर असल्यासारखं करत. पण गेले पाच दिवस टाचणी अरबी समुद्रात एकाच जागी उभी होती. पडद्यावर एकच वाक्य येत होतं: या साईटपर्यंत पोहोचता येत नाही.

"लागली काय रे?" पडवीतून महिपतांचा आवाज आला.

"अजून नाय, काका."

"नसंल लागत तर राव दे. उगा तिला बसवून ठेवू नको."

दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली होती. तेव्हापासून घरात कुणी आवाज चढवायचा नाही असा नियम होता. तो मोडायचे ते एकटे महिपतच.

लवूनं नेहमीचे उपाय सुरू केले. "कॅशे साफ केलीत?"

"केली."

"दुसऱ्या ब्राउझरमधून?"

"बघितलं. तारीख-वेळही बरोबर आहे." सानिकाला सातवा महिना होता. ती कमरेला हात लावून खुर्चीत सरळ झाली. "लग्नाआधी दापोलीला कॉलेजात मी हेच शिकवायचे."

एवढं येणाऱ्या बाईनं आपल्याला कशाला बोलावलं, हा प्रश्न लवूला तिथंच पडायला हवा होता. पडला नाही. आपल्या हुशारीवर त्याचा भारी विश्वास.

शेवटी त्यानं कम्प्युटरच्या पोटातली एक फाईल उघडली. तिच्यात एखाद्या साईटचं नाव लिहून ठेवलं, की त्या मशीनवर ती साईट उघडतच नाही. फाईलीत एकच नाव होतं.

"सापडला चोर! व्हायरसचंच काम हे." त्यानं ती ओळ पुसली, फाईल सेव्ह केली.

सानिका उठली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"व्हायरस नाही. ती ओळ मी घातली होती."

"तुम्ही? का?" लवूनं विचारलं.

"दर्शनचं जहाज तांबड्या समुद्रात शिरलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथं जहाजांवर हल्ले होतायत. परवा यांच्या पुढचंच जहाज पेटलं. बाबांना हे सोसायचं नाही. त्यांना कळता कामा नये, अशी दर्शननं मला शपथ घातलीय. अजून तीन दिवस काढायचेत. साईट बिघडलीय अशी मी पाच दिवस त्यांना थाप मारतेय. दुरुस्तीवाला बोलावला नसता तर संशय आला असता." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला स्वतःला रात्रभर झोप लागत नाही, लवूभाऊ. पण त्यांच्यासमोर हसावं लागतं. ओळ परत घाला."

लवूला कधी नव्हे ती स्वतःची लाज वाटली. ओळ परत घालण्याआधी त्यानं सवयीनं एकदा साईट उघडून पाहिली.

या साईटपर्यंत पोहोचता येत नाही.

"आता का नाही उघडली?" सानिकानंच विचारलं. "मी दुसरं काहीच केलेलं नाही."

"मग राऊटर बघायला हवा," लवू म्हणाला आणि पडवीत आला. राऊटर महिपतांच्या खुर्चीमागच्या फळीवर होता. ते डोळे मिटून पडले होते. लवूनं राऊटरकडे हात नेला, तोच त्याचं मनगट घट्ट पकडलं गेलं.

महिपतांनी आधी आतल्या लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"त्याला हात लावू नको. साईट मीच अडवून ठेवलीय त्यात. पोरगा तांबड्या समुद्रात हाय. मला शपथ घातलीय त्यानं, पोटुशी बाय ती, तिला कळता नये."