पांढऱ्या विजारीतला तलवारबाज

शकुनताई भातकुलीत मुलींना लाठी शिकवतात. त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रणाली आता जर्मनीत असते. तिनं तिथल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या तलवारबाजीच्या हस्तलिखितातल्या एका चित्राची रंगीत प्रत पाठवली होती. पांढऱ्या तंग विजारीतला तलवारबाज डावा पाय मागे फिरवून समोरच्याचा वार चुकवत होता. ताईंना तो पवित्रा फार आवडला. चित्र भिंतीवर लावून महिनाभर त्यांनी तो रोज घोटला.

परवा सकाळी तुरीच्या वावरात रानडुक्कर थेट अंगावर आलं. ताईंचा डावा पाय आपोआप मागे फिरला आणि डुक्कर मांडीला घासून पुढे निघून गेलं.

भाऊ ओमप्रकाश धावत आला. साडी मांडीवर वीतभर फाटली होती, पण कातडीवर ओरखडाही नव्हता.

“ताई, तुले लागलं कसं नाई वं?”

“त्या चित्रातल्या मानसानं वाचवलं मले,” ताई म्हणाल्या. “चाल, पयले त्याच्या पाया पडू दे.”

घरी येऊन त्या भिंतीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. तलवारबाजाची पांढरी विजार मांडीवर वीतभर फाटली होती. आत लाल जखम दिसत होती.

“हे आंधी होतं का?” ओमप्रकाशनं हळूच विचारलं.

“नाई.”

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी स्वयंपाकघरातून हळद आणली. “लय उपकार झाले दादा तुये,” म्हणत त्यांनी चिमूटभर हळद त्या जखमेवर दाबली.

कागद कोमट होता. त्यांच्या बोटाखाली तो कळवळून आखडला.