तिसऱ्या प्लगची वायर

"मिस्त्री, परत मिसिंग मारतेय हो, धक्के खातेय नुसती," आजोबा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "रविवारी लेकीकडे निघायचंय, नातीला बघायला. घाट चढेल ना ही?"

महिन्यातली ही तिसरी खेप. मिस्त्रीला आता त्या अंगणात शिरायचीच लाज वाटायला लागली होती. पहिल्यांदा वायर चिरलेली निघाली, त्याने नवी टाकली. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. जुनी गाडी, तापून रबर तडकलं असेल, म्हणून त्याने पुन्हा नवी टाकून विषय सोडून दिला होता.

"विका म्हणते मी ती एकदाची," आजी दारातून म्हणाल्या. "भंगार झालंय नुसतं."

"चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही हिला. भंगार म्हणे!"

मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरीलाही तसंच. तिसरी काढली, तर आवाजात काडीचाही फरक नाही; म्हणजे ही आधीच बंद पडलेली. चोर इथेच होता.

त्याने वायर उलटी करून पाहिली. खालच्या बाजूला, नव्याकोऱ्या रबरावर, सरळ काप. उंदीर असं कुरतडत नाही. हे ब्लेडचं काम होतं.

त्याने आजोबांना टॉर्च आणायला पाठवलं. ते भिंतीला हात लावत आत गेले.

"आजी, लहान तोंडी मोठा घास घेतो," तो हळूच म्हणाला. "गाडी तुम्हाला नकोय, कबूल. पण त्यांचा जीव आहे तिच्यात. वायर कशाला कापायची?"

"मी? मला मेलीला बॉनेट तरी उघडता येतं का?"

"मग कोण?"

आजींनी आत एक नजर टाकली. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलंय त्यांना. माझ्यापासून लपवलं. चिठ्ठी कपाटात सापडली मला. दिसत नाही म्हणायला जीभ रेटत नाही हो त्यांची. गाडी बिघडली म्हटलं की झालं. रविवारी जावई येतोय न्यायला, मीच कळवलंय."

मिस्त्रीला फार वाईट वाटलं. त्याने हातातली वायर पुढे केली.

"मग जोडू की नको?"

"जोडा की. फक्त जरा वरच्या अंगाला, हाताला येईल अशी बसवा," आजी म्हणाल्या. "मागच्या खेपेला कापताना बोट कापून घेतलं त्यांनी."