वाघाची छत्री

“वाघ म्हणजे जंगलाची छत्री! तो वाचला की बेडूकबिडूक आपोआप वाचतात,” म्हणत साहेबांनी यंदाही संवर्धन आराखड्यातून बेडकांची पाहणी उडवली. बेडकांपायी रानातले ओढे पालथे घातलेल्या संशोधक बाईंचं डोकंच फिरलं.

“वाघ धडधाकट दिसला म्हणून बेडूकही मजेत, हे कशावरून? कुणी ओढ्यावर जाऊन बघितलंय का कधी?”

साहेबांनी चहा मागवला.

चरफडत बाहेर येऊन बाईंनी घरी फोन लावला. धाकटीने उचलला.

“ताईचा पेपर कसा गेला गं?”

“छान गेला म्हणाली.”

“चला, म्हणजे घरी सगळं ठीक आहे. ठेवते मग.”



“आई, मला कालपासून ताप आहे.”