जाऊन आलेलं पुस्तक

"नकाशे ताजे आहेत, फोटो झकास आहेत, अजून काय पाहिजे तुला?" नवऱ्याने गुळगुळीत कागदाचं नवंकोरं पर्यटन-मार्गदर्शक बायकोच्या नाकासमोर नाचवलं.

ती पुस्तकांच्या दुकानात मागच्या भिंतीजवळच्या कपाटापाशी उभी होती. त्यावर पाटी होती, 'जाऊन आलेली पुस्तकं'. म्हाताऱ्या दुकानदाराची ही जुनी पद्धत. पुस्तक घेऊन फिरायला जायचं, जे दिसेल ते समासात पेन्सिलीने लिहायचं आणि परत आल्यावर ते त्याच्याकडे जमा करून दुसरं न्यायचं. छापलेला मजकूर शिळा होतो, समास ताजे राहतात, असं तो येईल त्याला ऐकवायचा.

तिच्या हातात डोंगरातल्या एका गावाचं पुस्तक होतं. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आठवडाभर हवापालट करून या, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. इतक्या वर्षांनी दोघं घराबाहेर पडणार होती. पुस्तक निवडताना चूक झाली तर सगळंच अंगाशी आलं असतं.

चाळिसाव्या पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बुरुजाच्या पायऱ्या बहात्तर. ह्यांना साठाव्या पायरीलाच दम लागला. वरच्या वळणावर कठडा नाही. दुपारी तीननंतर तिथे चिटपाखरूही नसतं. दवाखाना दोन तासांवर.'

त्या मजकुरापुढे पेन्सिलीने चार बरोबरच्या खुणा केल्या होत्या. चारही वेगवेगळ्या हातांच्या.

तिने त्या खुणांबद्दल विचारलं. लिहिलेलं खरं निघालं की पुढचे लोक तशी खूण करतात, दुकानदाराने सांगितलं. हे पुस्तक मात्र बायकाच उचलतात आणि परत द्यायलाही त्याच येतात. पुरुषांना परत करायची आठवण कुठली, असं म्हणून तो स्वतःच हसला.

"हिला काय सांगता?" नवराही हसला. "बाजारात पाठवली तर रस्ता चुकते ही. चल, नवंच घेऊ."

त्याने तिचं मनगट धरलं. तिने ते हळूच सोडवून घेतलं आणि बाही खाली ओढली. तीस वर्षांत चारचौघांत तिने त्याचा शब्द मोडला नव्हता.

"अहो, हेच घेऊ. तुमच्यासारख्याच माणसाला घेऊन कुणीतरी जाऊन आलंय. मला धीर येईल."

नवरा जरा चपापला. मग दुकानदाराकडे वळून म्हणाला, बघा, अशी जपते मला. दुकानदाराला खरोखरच कौतुक वाटलं. त्याने पुस्तकाला स्वतःच्या हाताने कव्हर घालून दिलं.

तीन आठवड्यांनी दुपारी ती परत आली. एकटीच. पुस्तक त्याच्यापुढे ठेवून ती स्टुलावर बसली आणि तिने पाणी मागितलं. साहेब कुठे, असं विचारल्यावर तिने खालच्या आवाजात सांगितलं, की ते आता नाहीत. बुरुजावर चढायची हौस त्यांचीच, मी नको म्हटलं असतं तर मुद्दाम चढले असते.

आपणच ते पुस्तक हातात दिलं, ह्या विचाराने म्हाताऱ्याला अपराधी वाटलं. तसं त्याने बोलूनही दाखवलं.

"पुस्तकाचा काही दोष नाही," ती म्हणाली. "त्यात सगळं बरोबर लिहिलं होतं."

बदल्यात दुसरं न्या, असा आग्रह त्याने केला. तिने मान हलवली. आता कुठे जायचं ते माझं मी बघेन, असं म्हणून ती पायऱ्या उतरून उन्हात गेली. तिच्या चालीत कसलीच घाई नव्हती.

तो मजकूर खोडून टाकावा, तो वाचून पुढचं कुणी त्या बुरुजाकडे वळायला नको, म्हणून दुकानदाराने खोडरबर घेतला. भिंग लावून त्याने चाळिसावं पान उघडलं.

मजकुरापुढे आता पाच खुणा होत्या.