आतला हात

"अंकल ती कला सोबतच घेऊन गेले, आंटी," फेबियन म्हणाला आणि गिटारी पुन्हा खोक्यात भरू लागला.

वसईजवळ गिरीजला, सालोमीच्या घराच्या ओटीवर, तीन नव्याकोऱ्या गिटारी पडल्या होत्या. छोट्या अंगाच्या, बारीक कमरेच्या, मांडीवर घेतल्या तर लेकरासारख्या बसतील अशा. अगदी अशाच गिटारी तिचा नवरा आल्बर्ट रुमाव तीस वर्षांपूर्वी याच ओटीवर बनवायचा. चाळीसेक झाल्या असतील. मग मोठ्या, ढोलासारख्या गिटारींची फॅशन आली. छोटीला लोक खेळणं म्हणू लागले. आल्बर्ट विरारच्या नव्या बिल्डिंगींना खिडक्यांच्या चौकटी पुरवू लागला. तो जाऊन आता सात वर्षं झाली होती.

आणि आता, २००३ साली, लोक त्याच गिटारी शोधत फिरत होते. मोठी गिटार गाणाऱ्याचा आवाज खाऊन टाकते. ही त्याच्या शेजारी बसून बोलते. बोटाने हलकेच छेडली तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. ज्यांच्या घरी होती ते द्यायला तयार नव्हते. म्हणून वांद्र्याच्या फेबियनने जूचंद्रला गाळा घेतला आणि तीच गिटार नव्याने काढायचं ठरवलं. एक जुनी थोड्या दिवसांसाठी मागून आणून सुताचाही फरक न करता मापं घेतली. आत आरसा घालून वरच्या फळीखालच्या पट्ट्या मोजल्या. जुन्या दारांचा साग मिळवला. दोन वर्षं घातली. गिटारी हुबेहूब झाल्या, पण वाजल्या नाहीत. गोधडीखालून कुणी बोलावं तसा आवाज येत होता.

रविवारी पापडीच्या हॉलमध्ये या गिटारी लोकांसमोर वाजायच्या होत्या. आल्बर्टचा एखादा कागद, एखादं चित्र मिळेल या आशेने फेबियन आला होता.

"डॅडींनी कागद कधी ठेवलेच नाहीत," सालोमीची मुलगी कॅथरीन म्हणाली. "आणि मम्मी तर फक्त पॉलिश करायची."

"रविवारी काय सांगणार तू?" सालोमीने विचारलं.

फेबियनने खांदे पाडले. "सांगेन, आल्बर्ट रुमावच्या गिटारी अशा असायच्या."

"अशा नव्हत्या," सालोमी म्हणाली. "दे इकडे."

तिने गिटार मांडीवर घेतली. कान लाकडाला लावून बोटाच्या पेराने पाच-सहा ठिकाणी टकटक केलं. तारा सैल केल्या. मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेली एक आखूड पटाशी घेऊन आली. तिची मूठ जेमतेम बोटाएवढी होती.

फेबियन ताडकन उठला. "आंटी, नको! फळी फुटेल!"

तोवर तिचा हात गिटारच्या गोल भोकातून मनगटापर्यंत आत गेला होता. ती समोरच्या वाडीकडे बघत होती. काम हात करत होता. आतून लाकूड खरवडल्याचा बारीक आवाज येत राहिला. तिने गिटार उलटी केली. कांद्याच्या पापुद्र्यासारखे तुकडे जमिनीवर पडले. पुन्हा टकटक. पुन्हा हात आत.

"मापं चुकली नाहीत तुझी," ती न थांबता म्हणाली. "पण ती त्या जुन्या फळीची. ही फळी वेगळी आहे. हिला हिच्यापुरतं हलकं करायला हवं."

शेवटी तिने तारा ताणल्या आणि गिटार फेबियनकडे दिली.

त्याने एकच तार छेडली. मग सगळ्या. समोरच्या वाडीत केळींना पाणी देणारा गडी रमेश हातातला पाइप तसाच धरून उभा राहिला. फेबियन वाजवतच सुटला. त्याला थांबवेना.

"अंकलनी शिकवलं तुम्हाला?" त्याने शेवटी विचारलं.

"त्यांचा पंजा ह्या भोकात जायचाच नाही," सालोमी म्हणाली. "गिटारचं खोकं ते बांधायचे. त्यांच्यासारखं बांधणारा मी पाहिला नाही. आवाज मी काढायचे."

"चाळीसच्या चाळीस?"

"एकेचाळीस."

कॅथरीन आईकडे बघतच राहिली. "आणि एवढ्या वर्षांत बोलली नाहीस?"

"पहिलीच गिटार गिऱ्हाइकाने परत आणून टाकली होती. बाईमाणसाने कोरलेलं वाद्य नको म्हणाला. डॅडी भांडायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, माझं नाव घेऊ नका, गिटारी वाजू देत. मग तेच चालू राहिलं. ते गेल्यावर सांगायचं तर त्यांचं काढून घेतल्यासारखं वाटायचं."

दुसऱ्या दोन गिटारी तिने संध्याकाळच्या आत पुऱ्या केल्या.

रविवारी पापडीच्या हॉलमध्ये तिन्ही वाजल्या. वाजवणाऱ्याने शेवटच्या तारेवरून बोट उचललं तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मागे बसलेली म्हातारी माणसं, ज्यांच्या घरात आल्बर्टच्या गिटारी होत्या, ती डोळे पुसत होती. फेबियनने पहिल्या रांगेतल्या सालोमीला हाताला धरून मंचावर आणलं आणि तिच्या हाताने काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. मग खिशातून छापील लेबलांचा गठ्ठा काढला. गिटारच्या आत चिकटवायची लेबलं. त्यांवर एकच ओळ होती: 'आल्बर्ट रुमाव, वसई'.

"चुकीची छापली मी," तो म्हणाला. "आंटी, तुमच्यासमोर फाडतो. नवी तुमच्या नावाची छापू."

त्याने माइक तिच्यापुढे धरला. आयुष्यात ती कधी माइकवर बोलली नव्हती. तिने गठ्ठ्यातलं एक लेबल हातात घेतलं, नीट वाचलं, आणि हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"फाडू नकोस. त्यांचं नाव राहू दे. त्याच्या वर माझं लिही."